एका गोलंदाजाचे मोल



आमच्या सिल्वासाच्या शाळेत मधल्या सुट्टीत मुलांचे जे वाद रंगतात, त्यांचा विषय बहुधा क्रिकेट हाच असतो. उन्हाळा जवळ आला, की धावा आणि बळी यांच्या जोडीला रुपयांची भाषाही मुलांच्या तोंडी येते. अमक्याला इतक्या कोटींना घेतला, पण तो आता थकला. त्याला सोडून द्यावा, त्याच्या बदल्यात एखादा तरुण आणावा, अशी चर्चा मुले अगदी जाणत्या व्यापाऱ्यांच्या थाटात करतात. २००८ साली आय. पी. एल. सुरू झाल्यापासून माणसांचा लिलाव या गोष्टीत कोणाला काही वावगे वाटेनासे झाले आहे. एकदा आठवीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, म्हाताऱ्या गोलंदाजाची किंमत कशी ठरवायची?" म्हातारा म्हणजे त्याच्या लेखी पस्तिशीचा! मी स्वतः चाळिशी ओलांडलेली असल्यामुळे ते विशेषण ऐकून जरा दचकलोच. प्रश्न मात्र खरा होता. 'उद्याच्या तासाला सांगतो' असे म्हणून मी वेळ मारून नेली, आणि दुसऱ्या दिवशी त्या वर्गाला विनू मांकड यांच्या १९५२ सालच्या कराराची हकीकत सांगितली. तीच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

आरंभी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे फलंदाज हा सरदार आणि गोलंदाज हा चाकर, अशी वाटणी क्रिकेटच्या अगदी पहिल्या दिवसांपासून झाली. संस्थानिकांना आणि साहेबलोकांना बॅट हाती धरण्याची हौस. त्यांना चेंडू टाकण्यासाठी माणूस हवा, तो पगारी. पळवणकर बाळू यांचे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्याला इंग्रजांच्या जिमखान्यावर महिना चार रुपये पगारावर राहिला. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, हे त्याचे काम. पुढे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूंनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांच्या वाट्याला कधीच आले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. गोलंदाजाचे काम सर्वांना हवे, पण त्याचे मोल ठरविण्याची वेळ आली की प्रत्येकाचा हात आखडतो. हा आखडलेला हात पुढे अनेक वर्षे सैल झाला नाही.

या आखडण्यामागे एक शब्दही उभा होता: 'धंदेवाईक'. खेळाडूंचे दोन वर्ग मानले जात, हौशी आणि धंदेवाईक. हौशी तो प्रतिष्ठित, कारण त्याला पैशाची गरज नाही. धंदेवाईक तो हलका, कारण त्याला आहे. मी शिक्षक आहे आणि दरमहा पगार घेतो. मला कोणी धंदेवाईक शिक्षक म्हणून हिणवीत नाही. वैद्याने शुल्क घेतले म्हणून त्याच्या औषधाचा गुण जात नाही. परंतु खेळाडूने आपल्या कसबावर पोट भरावे म्हटले, की त्याच्या निष्ठेविषयी शंका घेतली जाई. इंग्लंडमध्ये तर दोन्ही वर्गांची कपडे बदलण्याची खोलीही कित्येक ठिकाणी वेगळी असे. तेथील हा भेद रद्द करण्याचा निर्णय झाला तो १९६२ च्या अखेरीस.

आता मांकडांकडे वळू. मुळवंतराय हिंमतलाल मांकड यांचा जन्म १२ एप्रिल १९१७ रोजी जामनगरला झाला. नवानगर संस्थानात इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील बर्ट वेन्स्ली हे प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली या मुलाची डावखुरी फिरकी घडली. १९३७-३८ साली लॉर्ड टेनिसन यांचा संघ हिंदुस्थानात आला, तेव्हा विशीतल्या मांकडांनी बॅट आणि चेंडू या दोन्हींनी आपले नाव गाजविले. परंतु ऑगस्ट १९३६ ते जून १९४६ या दहा वर्षांत भारताला एकही अधिकृत कसोटी सामना लाभला नाही. महायुद्धाने जगाचेच खेळ बंद पाडले होते. गोलंदाजाच्या खांद्यात जोर असतो ती वीस ते एकोणतीस ही वर्षे अशी वाया गेली. पहिली कसोटी खेळताना मांकड एकोणतीस वर्षांचे होते. त्याच १९४६ च्या दौऱ्यात त्यांनी हजारावर धावा आणि शंभरावर बळी असा दुहेरी पराक्रम केला. पश्चिम भारत, नवानगर, महाराष्ट्र, गुजरात, बंगाल, मुंबई, राजस्थान अशा अनेक संघांकडून ते वेळोवेळी खेळले. हा काही चंचलपणा नव्हता. ज्याचे पोट खेळावर आहे, त्याला जेथे आश्रय मिळेल तेथे जावे लागते.

त्या काळी असा आश्रय इंग्लंडच्या उत्तरेकडील लँकेशायर परगण्यातही मिळे. तेथील कापड-गिरण्यांच्या लहान लहान गावांनी आपले क्रिकेट क्लब काढले होते. शनिवारी दुपारी गिरणी सुटली, की कामगार मैदानावर जमत. प्रत्येक क्लबाने एक नामांकित खेळाडू पगार देऊन ठेवावा आणि बाकीचे दहा गावकरी असावेत, अशी पद्धत होती. त्या एकाच्या नावावर तिकिटे खपत. त्याने अर्धशतक ठोकले, की प्रेक्षकांत झोळी फिरे आणि पेन्यांची रास त्याच्या पदरात पडे. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन यांनी नेल्सन गावात अशी नऊ वर्षे काढली. आपले अमरसिंग कोल्न येथे होते, आणि लाला अमरनाथ, विजय हजारे, दत्तू फडकर हेही निरनिराळ्या गावांत हंगाम करून आले. मांकडांना बोलावणे होते हॅस्लिंग्डन या गावाचे.

१९५२ च्या उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर जावयाचा होता, आणि हॅस्लिंग्डनला त्याच हंगामासाठी मांकड हवे होते. मांकडांनी क्रिकेट मंडळापुढे साधी गोष्ट ठेवली: दौऱ्यासाठी माझी निवड निश्चित असेल तर तसे सांगा, मी हॅस्लिंग्डनला नकार कळवितो. असे आश्वासन आगाऊ देता येणार नाही, असे उत्तर मिळाले. मांकडांनी हॅस्लिंग्डनच्या करारावर सही केली. येथे एक तारीख लक्षात ठेवावी. त्याच वर्षी फेब्रुवारीत, मद्रासच्या कसोटीत, भारताने इंग्लंडवर आपला पहिलावहिला विजय मिळविला, तोही एक डाव आणि आठ धावांनी. त्या सामन्यात मांकडांनी पहिल्या डावात ५५ धावांत आठ आणि दुसऱ्यात ५३ धावांत चार, असे बारा बळी घेतले होते. ज्या हाताने हा विजय मिळवून दिला, तो हात दौऱ्याला लागेल की नाही, हे सांगण्यास मंडळ तयार नव्हते.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. निवड समितीच्या म्हणण्यात तत्त्व नव्हते असे नाही. कोणाही खेळाडूला संघातील जागा आगाऊ लिहून देऊ नये, कारण उद्या तो जायबंदी होईल, परवा दुसरा कोणी त्याच्या पुढे जाईल. आज एकाला दिले, तर उद्या दहा जण तेच मागतील. परीक्षेपूर्वीच एखाद्या विद्यार्थ्याला पहिला क्रमांक देण्यासारखे ते होईल, आणि शिक्षक म्हणून मला ही अडचण समजते. परंतु तत्त्व पाळायचे तर ते दोन्ही बाजूंनी पाळले पाहिजे. मंडळ आपला शब्द देणार नसेल, तर खेळाडूनेही आपला उन्हाळा मंडळासाठी मोकळा ठेवावा अशी अपेक्षा त्याला करता येत नाही. स्वतः मोकळे राहायचे आणि दुसऱ्याने मात्र बांधलेले असावे, याला करार म्हणत नाहीत. पस्तिशीच्या गोलंदाजाजवळ आणखी किती हंगाम उरले आहेत, हे त्याला आणि त्याच्या घरच्यांनाच ठाऊक असते. त्यांतला एक हंगाम 'बघू' या शब्दावर त्याने कसा सोडावा?

दौरा सुरू झाला. पहिली कसोटी जूनच्या पहिल्या आठवड्यात लीड्सला होती. विजय मांजरेकरांनी तेथे १३३ धावांचे देखणे शतक झळकाविले. पण दुसऱ्या डावाचा आरंभ कोणाही भारतीयाला विसरता येणार नाही असा झाला. फलकावर शून्य धावा आणि चार बळी! फ्रेडी ट्रूमन हा एकवीस वर्षांचा वेगवान गोलंदाज पहिलीच कसोटी खेळत होता. त्या चारांपैकी तीन त्याचे. सामना सात गड्यांनी गेला. आणि याच सामन्यात इंग्लंडचे नेतृत्व लेन हटन यांच्याकडे होते. विसाव्या शतकात इंग्लंडने एका धंदेवाईक खेळाडूस प्रथमच कप्तान नेमले होते. ज्या देशाकडून आपण हौशी-धंदेवाईक हा भेद शिकलो, तो देश तो भेद पुसू लागला होता.

हॅस्लिंग्डन लीड्सपासून फार दूर नाही. आपला संघ धुळीस मिळत असताना आपला सर्वोत्तम अष्टपैलू खेळाडू थोड्या मैलांवर गिरणी-कामगारांच्या सामन्यात चेंडू टाकीत होता. आता मात्र आपल्या माणसांनी धावाधाव केली. हंगाम अर्ध्यावर आलेला, करार चालू असलेला, आणि क्लबाला विनंती गेली की उरलेल्या तीन कसोट्यांसाठी मांकडांना मोकळे करा. असे पूर्वीही घडले होते. १९३६ साली कोल्नने अमरसिंगांना सोडले होते आणि त्यांनी लॉर्ड्सवर ३५ धावांत सहा बळी घेतले होते. तरी त्या लहान गावाचा विचार करा. वर्गणीदारांना त्यांनी मांकडांचे नाव सांगितलेले. गल्ल्यावरची रांग त्यांच्यासाठी. हॅस्लिंग्डनला 'करार म्हणजे करार' असे म्हणण्याचा पूर्ण अधिकार होता. त्यांनी मांकडांना सोडले. त्यांच्यावर भारताचे काही ऋण नव्हते, तरीही या सबंध प्रकरणात मनाचा मोठेपणा दाखविला तो त्यांनी.

१९ जून १९५२ रोजी लॉर्ड्सवर दुसरी कसोटी सुरू झाली. शनिवार दुपारच्या सामन्यांतून थेट पाच दिवसांच्या कसोटीत आलेल्या मांकडांनी डावाची सलामी केली आणि ७२ धावा काढल्या. पंकज रॉय यांच्याबरोबर त्यांनी शंभरावर धावांची भागीदारी केली, तरी सबंध संघ २३५ धावांत आटोपला. मग इंग्लंडने ५३७ धावांचा डोंगर रचला. हटन १५०, ईव्हान्स १०४. त्या डावात मांकडांनी ७३ षटके टाकली. चारशे अडतीस चेंडू! त्यांत १९६ धावा देऊन पाच बळी घेतले. हे संपवून, पायांतले बूटही धड न काढता म्हणावे इतक्या लवकर, ते पुन्हा सलामीला उतरले आणि १८४ धावांपर्यंत उभे राहिले. कप्तान हजारे यांच्या साथीने त्यांनी २११ धावांची भर घातली. कसोटीत एका भारतीयाने काढलेली ती तोवरची सर्वांत मोठी धावसंख्या होती. शेवटी इंग्लंडला विजयासाठी थोड्याच धावा हव्या होत्या, तेव्हा त्यांनी आणखी २४ षटके टाकली. क्रिकेटचे जाणकार आजही या सामन्याला 'मांकडांची कसोटी' म्हणतात.

आणि तरी ती कसोटी आपण आठ गड्यांनी गमावली. हे मी मुद्दाम सांगतो. मँचेस्टरच्या पुढच्या कसोटीत मांकड संघात होते, तरी आपले दोन्ही डाव एकाच दिवशी ५८ आणि ८२ धावांत कोसळले. तेव्हा 'मांकडांना आधीच घेतले असते तर मालिका जिंकली असती' असे म्हणणे हा इतिहास नव्हे, नुसती हळहळ होय. माझा मुद्दा निराळा आहे. माणसाचे मोल त्याच्या संघाच्या जय-पराजयाने मोजता येत नाही. लॉर्ड्सच्या पाच दिवसांत मांकडांनी जे दाखविले, ते फेब्रुवारीतही त्यांच्यापाशी होतेच. जूनमध्ये त्यांचे कसब वाढले नव्हते. वाढली होती ती आपली गरज. गरज पडली की किंमत कळते आणि गरज सरली की विसर पडतो. हा बाजाराचा न्याय झाला. संस्थेचा न्याय याहून बरा असावा, एवढीच अपेक्षा.

'ते थकले' म्हणणाऱ्यांना उत्तर त्याच वर्षी मिळाले. ऑक्टोबरमध्ये पाकिस्तान आपली पहिलीच कसोटी खेळण्यास दिल्लीला आला, आणि मांकडांनी १३१ धावांत तेरा बळी घेऊन भारताला एका डावाने जिंकून दिले. त्याच मालिकेत, मुंबईला, त्यांच्या हजार धावा आणि शंभर बळी पूर्ण झाले ते अवघ्या तेविसाव्या कसोटीत. हा विक्रम इयान बोथम यांनी १९७९ साली मोडला. पुढे १९५६ साली मद्रासला मांकड आणि रॉय यांनी न्यूझीलंडविरुद्ध सलामीला ४१३ धावांची भागीदारी केली; ती बावन्न वर्षे अजिंक्य राहिली. तेव्हा मांकडांचे वय होते अडतीस. शेवटची कसोटी ते १९५९ साली, एक्केचाळिसाव्या वर्षी खेळले. त्या मालिकेत भारताने पाच सामन्यांत चार कप्तान बदलले होते, आणि त्यांतले एक मांकड. माणसांना वापरण्याची आपली रीत एवढ्या वर्षांत फारशी बदलली नव्हती, याला हा पुरावा पुरेसा आहे.

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा होता असेही नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात चेंडू फेकणाऱ्याचे महत्त्व आपल्या गोलंदाजासारखेच. तेथे अनेक दशके खेळाडूच्या करारात असे एक कलम असे, की मुदत संपली तरी त्याच्यावरचा क्लबाचा हक्क कायम राही. मालकाने मनात आणले तर त्याला दुसऱ्या शहराच्या क्लबाशी बदलून टाकावे. खेळाडूला विचारण्याचे कारण नाही. १९६९ साली कर्ट फ्लड या खेळाडूने अशा बदलीस नकार दिला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७२ साली तो हरला, आणि त्याची कारकीर्दही संपली. परंतु १९७५ च्या डिसेंबरात मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन चेंडूफेक्यांच्या बाजूने लवादाचा निकाल लागला आणि ते बंधन तुटले. मांकडांना १९५२ साली जे उमगले होते तेच या निकालाने मान्य केले. करार दोघांचा असतो.

मांकड २१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबईत निवर्तले. चव्वेचाळीस कसोट्या, २१०९ धावा आणि १६२ बळी हा त्यांचा हिशेब. २०२१ साली जागतिक क्रिकेट परिषदेने त्यांना आपल्या मानकऱ्यांत स्थान दिले. तरी जगभर त्यांचे नाव बरीच वर्षे निराळ्याच कारणाने घेतले गेले. १९४७ साली ऑस्ट्रेलियात बिल ब्राउन हा फलंदाज चेंडू टाकण्यापूर्वीच धाव घेण्यास पुढे सरके, म्हणून मांकडांनी त्याला धावचीत केले. आधी त्याला ताकीदही दिली होती. पुढे तशा प्रकारे बाद करण्यालाच मांकडांचे नाव चिकटले, आणि त्यात निंदेचा सूर राहिला. २०२२ साली नियमकर्त्यांनी ही गोष्ट अनुचित खेळाच्या कलमातून काढून साध्या धावचीतच्या कलमात घातली. म्हणजे येथेही त्यांचे म्हणणे नियमाला धरूनच होते, हे मान्य व्हायला पंचाहत्तर वर्षे लागली.

ज्या उन्हाळ्यात लॉर्ड्सवर हे घडले, त्या वेळी आमचे सिल्वासा पोर्तुगीज अमलाखाली होते. ते मुक्त झाले २ ऑगस्ट १९५४ रोजी. आता या गावाभोवती कारखाने उभे आहेत. दमणगंगेच्या दोन्ही तीरांवर पाळी बदलली, की सायकली-मोटारसायकलींची रांग लागते. आमच्या शाळेतल्या कित्येक मुलांचे वडील तेथे कंत्राटावर काम करतात. अकरा महिन्यांचा कागद; पुढे बोलावले तर काम, नाही तर दुसरे दार. माझी हकीकत संपली तेव्हा तो आठवीतला मुलगा पुन्हा उभा राहिला. म्हणाला, "सर, माझे बाबा सूत कारखान्यात आहेत. त्यांचे वय बेचाळीस. कागद पुढच्या महिन्यात संपतो. ठेकेदार म्हणतो, बघू." मग मला कळले, की त्याचा पहिला प्रश्न क्रिकेटचा नव्हता.

म्हाताऱ्या गोलंदाजाची किंमत कशी ठरवायची, याचे सूत्र मजजवळ नाही, आणि त्या मुलालाही मी तसे सांगितले. लिलावात ती रुपयांनी ठरेल. त्याला इलाज नाही. पण ज्या माणसाने आपल्याला वर्षानुवर्षे दिले, त्याला 'हवा आहेस' किंवा 'नको आहेस' हे वेळेवर आणि स्पष्ट सांगणे, एवढे तरी त्याला काम देणाऱ्याच्या हाती असते. त्याला पैसा लागत नाही. 'नको' ऐकलेला माणूस दुसरे दार ठोठावू शकतो. 'बघू' ऐकलेला माणूस उंबऱ्यावरच बसून राहतो. मांकड उंबऱ्यावर बसले नाहीत, हा त्यांचा दोष मानला गेला. मला तो दोष वाटत नाही. आणि पुढे हाक आली, तेव्हा मागचा हिशेब न काढता ते धावत आले आणि ९७ षटके टाकली, हे त्यांचे मोल मी त्या वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवले होते.